डार्सी मॅगी: बंडखोर संपादक ते कॅनडाचा शिल्पकार

1840च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश लोकांच्या साप्ताहिकाचा जेमतेम विशीतला संपादक ठणकावून लिहीत होता की, विकत घेऊन, लढून किंवा करार करून, कसाही करून कॅनडा अमेरिकेत सामील झाला पाहिजे. हाच संपादक 1864 साली क्वेबेकच्या परिषदेत बसून ब्रिटिश राजमुकुटाखालच्या, अमेरिकेपासून वेगळ्या अशा कॅनडाची घटना ठरवत होता. थॉमस डार्सी मॅगीला पलटी मारणारा म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण या दोन टोकांच्या मधली वीस वर्षं पाहिली, तर हा आरोप फारसा टिकत नाही.

मॅगीचा जन्म 13 एप्रिल 1825चा, आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कार्लिंगफर्डचा. वडील तटरक्षक दलात नोकरीला. आई लवकर गेली. 1842 साली, म्हणजे 1845 नंतरच्या आयरिश महादुष्काळाच्या आधीच, 17 वर्षांचा हा मुलगा बहिणीबरोबर बोटीने निघाला आणि ऱ्होड आयलंडमधल्या मावशीकडे पोहोचला. त्याच वर्षी 4 जुलैला बॉस्टनमध्ये त्याने उत्स्फूर्त भाषण ठोकलं. त्या भाषणाने लोकांचं लक्ष वेधलं आणि त्याला ‘पायलट’मध्ये नोकरी लागली. वयाच्या 19व्या वर्षी तो संपादक झाला.

1845 मध्ये तो आयर्लंडला परतला. थोडे दिवस ‘फ्रीमन्स जर्नल’मध्ये काढून मग चार्ल्स गॅव्हन डफीच्या ‘नेशन’मध्ये रुजू झाला. ‘यंग आयर्लंड’ या तरुण राष्ट्रवाद्यांचं हे मुखपत्र. देश उपाशी मरत होता आणि या मंडळींना 1848च्या युरोपातल्या क्रांत्यांचं वारं लागलं होतं. ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला आणि लगेच फसलाही. माणसं जमवायला स्कॉटलंडला पाठवलेला मॅगी तिथून आयर्लंडच्या वायव्येला गेला आणि शेवटी पाद्र्याच्या वेशात अमेरिकेला निसटला. गरोदर बायको मागे राहिली होती.

पुढची नऊ वर्षं चरित्रांमध्ये झटपट उरकली जातात, पण खरी उलथापालथ याच काळात झाली. न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतःचा ‘नेशन’ काढला आणि उठाव फसल्याचं खापर थेट कॅथलिक धर्मगुरूंवर फोडलं. बिशप जॉन ह्यूज उलटले. गावचा बिशप विरोधात गेल्यावर आयरिश वाचकांच्या जोरावर चालणारं पत्र तगणार कसं? ते बंद पडलं. मग ‘अमेरिकन सेल्ट’ निघालं, बॉस्टनहून बफेलो, बफेलोहून न्यूयॉर्क असं फिरत राहिलं, आणि त्याच्या पानांवर मॅगी हळूहळू कट्टर कॅथलिक आणि क्रांतीचा विरोधक होत गेला. आजूबाजूला ‘नो-नथिंग’ या पक्षवाल्यांचा स्थलांतरितांविरुद्धचा धुमाकूळ चालू होता. आयरिश माणूस शहरांच्या गलिच्छ वस्त्यांत कुजत होता. प्रजासत्ताक म्हटलं की आपल्या माणसाला मान मिळणार, हा त्याचा समज इथे पार विरला. शेजारच्या ब्रिटिश कॅनडात मात्र कॅथलिकांच्या स्वतंत्र शाळांना कायद्याने जागा होती.

1857च्या वसंतात मॉन्ट्रियलच्या आयरिश पुढाऱ्यांनी बोलावल्यावरून तो तिकडे गेला आणि ‘न्यू एरा’ हे पत्र काढलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आमदारही झाला. आल्या आल्या निवडून गेला, यात वक्तृत्वाचा वाटा मोठा होता. पश्चिमेकडे विस्तार, रेल्वे, स्थलांतरितांना जमीन, आणि इंग्रज, फ्रेंच, आयरिश सगळ्यांना सामावून घेणारं ‘नवं राष्ट्रीयत्व’ हे विषय तो सभागृहात सतत मांडत राहिला. सुरुवातीला तो सुधारक (रिफॉर्म) पक्षाकडे होता. 1863 मध्ये त्यांनी मंत्रिमंडळातून वगळल्यावर कॉन्झर्व्हेटिव्ह नेता जॉन ए. मॅकडोनाल्डच्या गोटात गेला. इथे मात्र पक्षांतराचा आरोप मान्यच करावा लागतो. दोघेही पिण्यात पक्के. एका मंत्रिमंडळाला दोन दारुडे परवडणार नाहीत, तेव्हा तू सोड, असं मॅकडोनाल्डने त्याला सुनावल्याचा किस्सा सांगतात.

1864 साली तो कृषी, स्थलांतर आणि सांख्यिकी खात्याचा मंत्री होता. क्वेबेक परिषदेत शिक्षण हा विषय प्रांतांकडे देताना दोन्ही कॅनडांतल्या (आजचे ऑन्टारियो आणि क्वेबेक) अल्पसंख्याकांच्या सांप्रदायिक शाळांचे हक्क राखावेत, ही पुस्ती मॅगीनेच मांडली. ज्याने कॅनडा हे संघराज्य उभं राहिलं, त्या 1867च्या घटना कायद्याच्या 93व्या कलमाचं मूळ तिथे आहे.

याच सुमारास फेनियन या आयरिश क्रांतिकारकांची चळवळ जोरात होती. आयर्लंड मुक्त करण्यासाठी अमेरिकेतून कॅनडावर चढाई करायची, हा त्यांचा डाव. जून 1866 मध्ये रिजवेला चकमक झालीच. मॅगी त्यांच्यावर तुटून पडला. त्याआधी 1865 मध्ये वेक्सफर्डला जाऊन त्याने आपल्या यंग आयर्लंडच्या दिवसांना पोरकटपणा म्हटलं, तेही आयरिश श्रोत्यांसमोर! जुने मित्र कायमचे दुरावले. 1867च्या निवडणुकीत त्याच्यातला पत्रकार पुन्हा उसळला आणि त्याने ‘गॅझेट’ या वृत्तपत्रात मॉन्ट्रियलच्या फेनियनांच्या हालचालींची जंत्रीच छापली. धाडस होतं, शहाणपण नव्हतं. जागा थोडक्यात वाचली, पण आयरिश मतदार दुभंगले. नव्या कॅनडाच्या पहिल्या मंत्रिमंडळातही त्याला स्थान मिळालं नाही.

7 एप्रिल 1868. ओटावात संसद मध्यरात्र उलटून चालली होती. संघराज्यात सामील करून घेतल्याबद्दल नाराज असलेल्या नोव्हा स्कोशिया प्रांताशी संयमाने घ्या, असं बोलून मॅगी दोनच्या सुमारास काठी टेकत स्पार्क्स स्ट्रीटवरच्या खाणावळवजा बिऱ्हाडी परतला. कुलपात किल्ली घालताना मागून गोळी आली. ती मानेतून घुसून तोंडावाटे बाहेर पडली आणि दारात रुतली. घरमालकीण मिसेस ट्रॉटर संसदेत हरकाम्या असलेल्या आपल्या मुलाची वाट पाहत जागी होती. चाहूल लागून तिने दार उघडलं, तर समोर हे.

13 एप्रिलला, त्याच्या 43व्या वाढदिवशी, मॉन्ट्रियलमध्ये अंत्ययात्रा निघाली. शहराची वस्ती लाखाच्या आसपास आणि रस्त्यावर सुमारे 80 हजार लोक, असा अंदाज सांगतात. खुनाच्या आरोपाखाली पॅट्रिक जेम्स व्हेलन हा शिंपी चोवीस तासांत पकडला गेला. खिशात पिस्तूल सापडलं होतं. खटल्याच्या वेळी पंतप्रधान मॅकडोनाल्ड न्यायाधीशाच्या शेजारी बसत. शिक्षा देणारा न्यायाधीश पुढे अपिलाच्या पीठावरही होता. 11 फेब्रुवारी 1869ला ओटावात भर गर्दीसमोर व्हेलनला फाशी झाली. मारेकरी मी नव्हे, पण त्या वेळी मी तिथे होतो, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे. त्यामुळे गोळी कोणी झाडली, यावर कॅनडात अजून वाद चालतो.