शहरी उद्यानातील उभयचर संवर्धन

शहराने वेढलेल्या वनात किंवा बागेत बेडूक, भेक (टोड) व देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर) यांचे अधिवास राखण्याचे काम. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबई आणि ठाण्याच्या वस्तीत उरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे 104 चौ. किमी.). तुळशी व विहार तलाव, ओढे, कातळावरची डबकी आणि पानगळीचे ओलसर रान असे उभयचरांना लागणारे सारे काही इथे आहे. उद्यानाची चर्चा मात्र बहुधा बिबट्यापुरतीच होते.

उभयचर त्वचेतूनही श्वसन करतात, त्यामुळे पाण्यातले कीटकनाशक किंवा सांडपाणी थेट त्यांच्या अंगात भिनते. बहुतेक बेडूक अंडी पाण्यात घालतात आणि एरवी जमिनीवर वावरतात. म्हणून तळे आणि रान या दोहोंइतकीच त्यांमधली वाटही मोलाची. मृगाच्या सरी कोसळल्या की इंडियन बुलफ्रॉगचे नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून साद घालतात. याच रात्री डबक्याकडे निघालेले बेडूक रस्त्यांवर गाडीच्या चाकाखाली येतात. पावसाळ्यातल्या मोजक्या रात्री रस्ता बंद ठेवणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय ठरतो.

उन्हाळ्यात आटणारे डबके माळ्याला निरुपयोगी वाटते. बेडकाला तेच हवे असते, कारण तिथे मासे टिकत नाहीत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेले गॅम्बुसिया मासे बेडकांची अंडी व पिल्ले खातात. खरे तर मोठे बेडूक स्वतःच कीटक फस्त करतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात जोरात असताना बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) हुमायून अब्दुलअली यांनी हाच मुद्दा लावून धरला होता. भारताने 1987 मध्ये ती निर्यात बंद केली.

उद्यानांत आज धोका आहे तो नीटनेटकेपणाच्या हौसेचा. तळ्याला सिमेंटचा उभा काठ बांधला की नुकती पाय फुटलेली पिल्ले बाहेर चढू शकत नाहीत; काठ उतरता आणि मातीचा हवा. पालापाचोळा जाळू नये, पडलेले ओंडके व दगड उचलू नयेत, पाण्याजवळ रात्रभर दिवे नसावेत. पायहीन देवगांडूळ ओल्या मातीत राहते आणि साप समजून मारले जाते. त्याची ओळख माळी व पहारेकऱ्यांना करून देणे आवश्यक आहे.