राज्य शाळा अधीक्षक (अमेरिका)

अमेरिकेच्या काही राज्यांत सार्वजनिक शाळांच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी मतदारांनी थेट निवडून दिलेला पदाधिकारी. बहुतेक ठिकाणी त्याचे अधिकृत नाव ‘सार्वजनिक शिक्षण अधीक्षक’ असे आहे. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, आयडाहो, मोंटाना, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ डकोटा, ओक्लाहोमा, साउथ कॅरोलायना, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन आणि वायोमिंग या 12 राज्यांत हे पद निवडणुकीने भरले जाते. उरलेल्या 38 राज्यांत शाळा खात्याच्या प्रमुखाला गव्हर्नर नेमतो, नाहीतर राज्य शिक्षण मंडळ.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पद चटकन उलगडत नाही, कारण आपल्याकडे हे काम दोघांत वाटलेले आहे. शालेय शिक्षणमंत्री आमदार असतो, पण खाते त्याला मुख्यमंत्री देतात. शिक्षण आयुक्त प्रशासकीय सेवेतला, तो बदलीने येतो आणि बदलीने जातो. या 12 राज्यांतला मतदार मात्र गव्हर्नरला एक मत देतो आणि शाळांच्या प्रमुखाला वेगळे मत देतो. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि अधीक्षक दुसऱ्या पक्षाचा, असा संसार चार वर्षे चालू शकतो आणि गव्हर्नरला अधीक्षक मनाप्रमाणे बदलता येत नाही. पण या पदाचे दुखणेही इथेच आहे. जनादेश सगळ्या राज्याचा असला तरी तिजोरीची किल्ली विधिमंडळाच्या कमरेला असते, आणि बऱ्याच राज्यांत धोरण ठरवणारे मंडळ गव्हर्नरने नेमलेले असते.

अमेरिकेच्या संघीय राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे शाळा हा विषय राज्यांकडे गेला. राज्यपातळीवरचा पहिला शाळा अधीक्षक न्यूयॉर्कने नेमला. तिथला कायदा 1812 चा असून गिडियन हॉली 1813 मध्ये रुजू झाले. ते पद नेमणुकीचे होते आणि 1821 मध्ये रद्दही झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1837 पासून शाळासुधारणेचे मोठे काम करणारे होरेस मान हेही निवडून आलेले नव्हते, ते शिक्षण मंडळाचे सचिव होते. निवडणुकीची प्रथा रुजली ती त्यानंतरच्या पिढीत. गव्हर्नरच्या हाती सगळी सूत्रे देऊ नयेत, कोषाध्यक्षापासून महाधिवक्त्यापर्यंत जमेल तितकी पदे थेट लोकांनी भरावीत, असे वारे तेव्हा वाहत होते आणि नवी राज्यघटना लिहायला बसलेल्यांनी त्या यादीत शाळा अधीक्षकही घातला. कॅलिफोर्नियाने 1849 च्या पहिल्याच घटनेत हे पद निवडणुकीचे केले. तिथे 1863 ते 1867 या काळात अधीक्षक असलेले जॉन स्वेट यांनी शाळा फीमुक्त करण्याचा कायदा होईपर्यंत विधिमंडळाचा पिच्छा पुरवला. घटनेत पद असल्याने ते साध्या कायद्याने पुसता येत नाही. आजच्या भांडणांचे मूळ या तरतुदीत आहे.

पश्चिमेकडच्या राज्यांत या पदाला जमिनीचा एक जोडधंदा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. 1785 च्या भूमी अध्यादेशाने नव्या प्रदेशाची मोजणी सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा ‘टाउनशिप’मध्ये करायचे ठरले. प्रत्येक टाउनशिपचे एक चौरस मैलाचे 36 तुकडे, आणि त्यांतला 16 क्रमांकाचा तुकडा शाळांसाठी राखीव. पुढे पश्चिमेत 36 क्रमांकाचाही तुकडा शाळांना मिळू लागला, आणि ॲरिझोनासारख्या रखरखीत भागात तर चार. नकाशावर हे तुकडे बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडाव्यात तसे ठरावीक अंतरावर दिसतात. या जमिनींवर गुरे चरतात, लाकूड तोडले जाते, तेल आणि कोळसा निघतो, आणि त्या उत्पन्नाचा कायम निधी शाळांच्या नावे राहतो. वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या राज्यांत जमिनीचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर गव्हर्नरच्या बरोबरीने शाळा अधीक्षकाला मत असते. त्यामुळे वाचन-गणिताच्या गप्पा मारून निवडून आलेल्या माणसाला चराईचे भाडे आणि खाणीचे पट्टे यांवरही हात वर करावा लागतो. लाभार्थी शाळा असल्याने शाळांचा माणूस तिथे हवाच, हा त्यामागचा हिशेब सरळ आहे.

स्त्रियांच्या राजकारणात या पदाचे स्थान वेगळे आहे. लॉरा आयझेनहुथ या नॉर्थ डकोटातल्या शिक्षिका आधी फॉस्टर काउंटीच्या शाळा अधीक्षक होत्या. 1892 मध्ये त्या राज्याच्या अधीक्षक म्हणून निवडून आल्या. अमेरिकेत संपूर्ण राज्याच्या मतदानाने पद मिळवणारी ही पहिली स्त्री. त्या राज्यातल्या बायकांना तेव्हा शाळांपुरतेच मत होते, गव्हर्नर निवडताना त्यांना विचारत नव्हते. शाळा म्हणजे घराचाच वाढवलेला ओटा, तिथे बाईने लक्ष घातले तर बिघडले कुठे, अशी ही सवलत होती. ती देणाऱ्यांना तिचा पुढचा परिणाम बहुधा दिसला नसावा. दोनच वर्षांनी आयझेनहुथ हरल्या, त्याही एमा बेट्स या दुसऱ्या स्त्रीकडून. त्याच 1894 साली वायोमिंगमध्ये एस्टेल रील निवडून आल्या. 1898 मध्ये संघ सरकारने त्यांना आदिवासी मुलांच्या शाळांच्या राष्ट्रीय अधीक्षक नेमले. तिथे त्यांनी लिहिण्यावाचण्यापेक्षा हातकामावर भर देणारा अभ्यासक्रम लावला. त्या मुलांना त्यांच्या घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या व्यवस्थेचा तो भाग होता, आणि इतिहास आज रील यांच्याकडे कौतुकाने पाहत नाही. 2008 मध्ये मोंटानाने डेनिस जुनो यांना निवडून दिले. त्या मूळ अमेरिकन समाजातल्या. आदिवासींचा इतिहास राज्यातल्या प्रत्येक मुलाला शिकवायचा, हे मोंटानाचे घटनात्मक धोरण त्यांच्या काळात शाळाखात्याच्या रोजच्या कामात आले.

अधीक्षक नेमके करतो काय? शिक्षक नेमणे, शाळेची वेळ ठरवणे, स्थानिक कर बसवणे ही कामे त्याची नाहीत. ती स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गाव-शहराच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची, आणि डिस्ट्रिक्टचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते. राज्याचा पैसा डिस्ट्रिक्टना सूत्राप्रमाणे वाटणे, गरीब आणि अपंग मुलांसाठी येणाऱ्या संघीय निधीचा हिशेब ठेवणे, परीक्षांचे निकाल गोळा करून जाहीर करणे, नियम मोडणाऱ्या डिस्ट्रिक्टला जाब विचारणे, आणि काही राज्यांत शिक्षकांचे परवाने देणे, असे ते काम आहे. 1965 च्या संघीय शिक्षण कायद्याने राज्यांच्या शाळाखात्यांना मनुष्यबळासाठी पैसा दिला आणि तेव्हापासून या कचेऱ्या फुगल्या. कॅलिफोर्नियाचे खाते बधिर आणि अंध मुलांच्या शाळाही स्वतः चालवते. त्यांतल्या दोन शाळा फ्रीमाँटला आहेत.

कॅलिफोर्नियात या पदाची कोंडी सगळ्यांत स्पष्ट दिसते. तिथे राज्य शिक्षण मंडळाचे 11 सदस्य गव्हर्नर नेमतो, त्यांत एक विद्यार्थी असतो. धोरण मंडळ ठरवते, आणि अधीक्षक त्या मंडळाचा सचिव तसेच खात्याचा प्रमुख म्हणून ते अमलात आणतो. म्हणजे लाखो मतदारांनी निवडलेला माणूस गव्हर्नरच्या माणसांनी केलेल्या ठरावांची अंमलबजावणी करत बसतो. 2005-06 मध्ये सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत हिंदू धर्म आणि प्राचीन भारत कसा मांडावा यावर वाद पेटला तेव्हा भारतीय वंशाच्या पालकांना आणि अभ्यासकांना राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत जाऊन गाऱ्हाणे घालावे लागले ते या मंडळापुढे. पुस्तकांवर शेवटचा शिक्का मंडळाचा, अधीक्षकाचा नव्हे. उलट, दोन भाषा येणाऱ्या बारावीच्या मुलांना शाळा संपल्याच्या प्रमाणपत्रावर जी ‘द्विभाषिकतेची मोहर’ मिळते ती तयार करून डिस्ट्रिक्टना पाठवणे कायद्याने अधीक्षकाचे काम आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत मराठी शिकलेल्या मुलालाही ती मिळू शकते, पण त्या भाषेची परीक्षा घेण्याची सोय असायला हवी. घोडे बहुधा तिथेच अडते.

अधिकार कमी असले तरी निवडणूक स्वस्त नसते. कॅलिफोर्नियात ही निवडणूक पक्षचिन्हाविना होते आणि अधीक्षकाला शिक्षणशास्त्राच्या पदवीची अट नाही. 2018 मध्ये टोनी थर्मंड आणि मार्शल टक या दोन डेमोक्रॅट उमेदवारांच्या लढतीत 5 कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला गेला. एका बाजूला शिक्षक संघटना, दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचे, धनाढ्य पाठीराखे. थर्मंड थोडक्यात जिंकले. त्याआधी 1970 मध्ये विल्सन राइल्स यांनी त्यांचेच वरिष्ठ असलेले मॅक्स रॅफर्टी यांना हरवले होते. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. नॉर्थ कॅरोलायनात 2004 ची मतमोजणी चुकीच्या केंद्रावर टाकलेल्या मतांवरून अडली आणि निकाल लागायला 2005 चा ऑगस्ट उजाडला. तोही न्यायालयात लागला नाही. विधिमंडळाने मतदान करून जून ॲटकिन्सन यांना विजयी ठरवले.

निवडून आलेल्या अधीक्षकाचे पंख छाटण्याचे प्रयत्न गव्हर्नर आणि विधिमंडळे वारंवार करतात, आणि मग घटनेतल्या एका वाक्यावर खटला उभा राहतो. विस्कॉन्सिनच्या घटनेनुसार शाळांची देखरेख राज्य अधीक्षकाकडे आहे. गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन यांनी ती आपण नेमलेल्या शिक्षण सचिवाकडे वळवू पाहिली तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तो कायदा रद्द केला. पण अधीक्षकाने नियम करण्यापूर्वी गव्हर्नरची संमती घ्यावी का, या प्रश्नावर हेच न्यायालय 2016 मध्ये ‘नको’ म्हणाले आणि 2019 मध्ये ‘हवी’. मधल्या काळात घटना बदलली नव्हती, न्यायमूर्ती बदलले होते.

वायोमिंगचा किस्सा याहून कडक. तिथे अधीक्षक सिंडी हिल रिपब्लिकन, गव्हर्नर मॅट मीड रिपब्लिकन आणि विधिमंडळातही रिपब्लिकन बहुमत. तरीही 2013 च्या जानेवारीत विधिमंडळाने घाईघाईने कायदा करून खात्याचा कारभार गव्हर्नरने नेमलेल्या संचालकाकडे दिला. हिल यांच्याकडे पद राहिले, काम गेले. सही करायची ती किरकोळ कागदांवर. हिल न्यायालयात गेल्या आणि वर्षभराने, 2014 च्या जानेवारीत, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेने दिलेली ‘सर्वसाधारण देखरेख’ इतकी पोकळ करता येणार नाही, असा त्याचा आशय. हिल त्या वर्षी पुन्हा खात्यात बसल्या आणि लगोलग गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पक्षातच मीड यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. तिथे मात्र हरल्या.

अधीक्षक स्वतः मर्यादा ताणतो तेव्हा काय होते, हे ओक्लाहोमात दिसले. रायन वॉल्टर्स यांनी 2024 मध्ये पाचवी ते बारावीच्या वर्गांत बायबलचा समावेश करण्याचा आदेश काढला. देशभर बातम्या झाल्या, पण अनेक डिस्ट्रिक्टनी आपला अभ्यासक्रम आहे तसाच राहील असे सांगितले. वर्गात काय शिकवायचे याचा बराचसा हक्क त्यांचाच होता. 2025 च्या सप्टेंबरमध्ये वॉल्टर्स यांनी मुदतीआधीच राजीनामा जाहीर केला आणि त्यांच्या जागी आलेल्या अधीक्षकांनी तो आदेश मागे घेतला.

या पदावरून मोठ्या पदावर जाण्याची शिडी फारशी मजबूत नाही. विस्कॉन्सिनचे टोनी एव्हर्स दहा वर्षे अधीक्षक राहून 2018 मध्ये स्कॉट वॉकर यांना हरवून गव्हर्नर झाले, पण असे उदाहरण विरळाच. जॉर्जियाच्या लिंडा श्रेंको यांनी गव्हर्नरपदाच्या प्रचारासाठी शाळांचा संघीय निधी वळवला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले.

निवडणुकीचे हे पद बंद करणारी राज्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेली. केंटकीने 1992 च्या घटनादुरुस्तीने ते काढले, फ्लोरिडाने 1998 मध्ये मतदारांचा कौल घेतला, ओरेगॉनने ही जबाबदारी गव्हर्नरवरच टाकली. इंडियानात यामागे एक पराभव होता. 2012 मध्ये ग्लेन्डा रिट्झ या डेमोक्रॅट शिक्षिकेने तिथल्या रिपब्लिकन अधीक्षकाला हरवले. त्याच दिवशी माइक पेन्स गव्हर्नर झाले, पण रिट्झ यांची मते पेन्स यांच्यापेक्षा जास्त होती. पुढची चार वर्षे गव्हर्नरचे मंडळ आणि अधीक्षक यांच्यात बैठका कमी, झटापटी जास्त झाल्या. 2016 मध्ये रिट्झ हरल्या, रिपब्लिकन जेनिफर मॅकॉर्मिक आल्या, आणि विधिमंडळाने हे पद नेमणुकीचे करून टाकले. 2021 पासून तिथे गव्हर्नरचा शिक्षण सचिव आहे. मॅकॉर्मिक पुढे डेमोक्रॅट झाल्या आणि 2024 मध्ये गव्हर्नरपदासाठी लढून हरल्या.

साउथ कॅरोलायनाने 2018 मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला. अधीक्षक नेमलेला असावा, असे त्या वेळच्या अधीक्षक मॉली स्पिअरमन यांचेही मत होते. मतदारांनी दुरुस्ती मोठ्या फरकाने फेटाळली आणि त्याच निवडणुकीत स्पिअरमन यांना पुन्हा निवडून दिले.