कस्टर्ड-पाय

कस्टर्ड-पाय : धसमुसळ्या विनोदी मूकपटांतील (स्लॅपस्टिक) एक ठरीव अस्त्र. मैद्याच्या भाजलेल्या पारीत कस्टर्ड, फळांचा गर किंवा फेटलेले क्रीम भरलेला हा पदार्थ खाण्याऐवजी समोरच्याच्या तोंडावर फेकायचा, एवढीच कृती. (मराठी ‘पाय’ शब्दाशी त्याचा संबंध नाही; लाथाळी हा याच विनोदातील वेगळा प्रकार.)

पहिला पाय कोणी फेकला, याविषयी मतभेद आहेत. हा मान परंपरेने कीस्टोन या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’ (१९१३) या लघुपटाला आणि त्यात विनोदी नट रॉस्को आर्बकलवर पाय भिरकावणाऱ्या अभिनेत्री मेबल नॉर्मंडला दिला जातो. कंपनीचा प्रमुख मॅक सेनेट याच्या आत्मचरित्रात (१९५४) मात्र मेबलने तो बेन टर्पिन या विनोदी नटावर ऐनवेळी फेकल्याची हकिकत येते. टर्पिन सेनेटकडे आला तो १९१७ च्या सुमारास. त्यामुळे ही आठवण बरीच उशिराची आणि रंगवलेली मानणे बरे. टर्पिनचे नाव तीत शिरण्यास ‘मिस्टर फ्लिप’ (१९०९) हा एसने कंपनीचा लघुपट कारण झाला असावा. त्यात बायकांच्या मागे लागणाऱ्या टर्पिनच्या तोंडावर खाणावळीतील स्त्री पाय थापते. थापणे आणि फेकणे यांत भेद केला, तर १९१३ चा दावा टिकतो. न केल्यास १९०९ चा अधिक ग्राह्य ठरतो. दोन्हींत हात स्त्रीचाच आहे, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

मेबल नॉर्मंड (जन्मवर्ष १८९२–९५ दरम्यान वेगवेगळे दिले जाते, मृत्यू १९३०) ही आधी चित्रकारांची मॉडेल होती. देखण्या नायिकेने सोज्वळ राहावे आणि धिंगाणा विदूषकांनी घालावा, ही वाटणी तिने मोडली. प्रेक्षकांना तिची ओढ वाटे, ती बहुधा यामुळेच. १९१४ मध्ये तिने काही लघुपट दिग्दर्शितही केले.

तंत्रही या विनोदाला सोयीचे होते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे गडद फळांचा रस काळाकुट्ट, तर क्रीम पांढरेशुभ्र उमटे. कॅमेऱ्याचा दांडा हळू फिरवला, की पडद्यावर हालचाल वेगवान होई.

विस्कटलेल्या केसांच्या टोपल्याखाली डुलत चालणारी ॲलिस हॉवेल आणि वेण्या घातलेली खेडवळ मुलगी रंगवणारी लुईझ फझेंडा याही या परंपरेतील प्रमुख अभिनेत्री होत.

लॉरेल-हार्डींच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) या लघुपटात या प्रकाराचा कळस झाला. त्यासाठी सुमारे ३,००० पाय वापरल्याचे सांगतात. त्यात सर्वांत लक्षात राहते ती अनिता गार्विन. फुटपाथवर पडलेल्या पायवर ती घसरून बसते, उठते, कोणी पाहत नाही ना असे बघत एक तंगडी हलकेच झटकते आणि ताठ मानेने निघून जाते. या लघुपटाचे दुसरे रीळ दीर्घकाळ हरवलेले होते. ते २०१५ मध्ये सापडले.