सलग तासभर नाही खेळलं, तरी व्यायाम होतोच!

"मुलांनी रोज तासभर खेळायला हवं, आणि तेही सलग. मधे थांबलं की सगळं फुकट." सोसायट्यांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. यातला तास खरा आहे, सलगची अट मात्र खोटी.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. २०१० च्या शिफारशींत मोठ्यांसाठी एका वेळी किमान १० मिनिटांची अट होती. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. २०२० मध्ये तीही काढून टाकली.

मुंबईत तर हे घरोघरी कळायलाच हवं. मैदान लांब, शाळा आणि क्लासच्या मधे जेमतेम वीस मिनिटं, त्यात चार महिने पाऊस. मग "आज राहू दे" म्हणत आठवडा जातो. कृपा करून तसं करू नका. चाळीच्या गॅलरीत लंगडी घाला, पार्किंगमध्ये दोरीच्या उड्या मारा. उड्यांनी हाडंही बळकट होतात, आणि तसा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी हवाच. लिफ्ट सोडून जिना चढा, आईबाबांनीसुद्धा. वर पोचल्यावर बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही? मग श्रम पुरेसे झालेत.