पालिकेच्या पाण्याच्या टाकीची पाहणी माहिती अधिकारात कशी मागायची?

दहा लाख लिटरची उंच टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन १,००० टन होतं. एवढा भार पेलणाऱ्या खांबांचे पोपडे पडायला लागले की रहिवासी पालिकेला पत्र देतात, 'टाकी धोकादायक आहे, लक्ष द्यावे.' पत्राला आवक क्रमांक मिळतो आणि बहुतेकदा गाडी तिथेच थांबते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ इथे जास्त कामाचा आहे. या कायद्यात कागदांच्या प्रतींबरोबरच सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फारसं कुणी वापरत नाही.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. टाकीजवळ राहत असल्याचा किंवा घरपट्टी भरल्याचा पुरावा लागत नाही, माहिती कशासाठी हवी तेही सांगावं लागत नाही. मात्र अधिकार नागरिकाला आहे, त्यामुळे सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्ष म्हणून सही करण्यापेक्षा एकाने स्वतःच्या नावाने अर्ज द्यावा.

महाराष्ट्रात त्यासाठी 'जोडपत्र अ' हा नमुना आहे. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या (माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) नावाने द्या आणि पोच घ्या. टाकी पालिकेची की जीवन प्राधिकरणाची (राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेची) हे माहीत नसलं तरी अडत नाही. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे.

खरी मेख मजकुरात आहे. 'टाकी सुरक्षित आहे का?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असं उत्तर ठरलेलं, कारण कायद्याने मिळतं ते अभिलेखावर असलेलंच. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. म्हणून मोजकं लिहा: 'अमुक प्रभागातील उंच जलकुंभाचे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल चाचण्यांच्या निकालांसह, मागील पाच वर्षांतील दुरुस्तीचे कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तिका, टाकी धुतल्याच्या नोंदी यांच्या प्रती द्याव्यात. तसेच जलकुंभाची अभियंत्यांच्या उपस्थितीत प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.' स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी. ती झालीच नसेल तर 'अहवाल उपलब्ध नाही' असं लेखी मिळतं, आणि पुढच्या तक्रारीत हा कागद अहवालाइतकाच उपयोगी पडतो.

अहवाल मिळाला तर आधी चाचण्यांची पानं उघडा. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, अल्ट्रासोनिक चाचणी आतली पोकळी आणि भेगा, हाफ-सेल चाचणी सळयांना गंज चढण्याची शक्यता. नुसतं 'डोळ्यांनी पाहणी केली, स्थिती समाधानकारक' एवढंच असेल तर त्याला ऑडिट म्हणणं अवघड आहे.

पाहणीच्या दिवशी फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. कागद तपासायला बसताना पेन जमा करून फक्त पेन्सिल नेऊ देतात, तसा राज्याचा नियमच आहे. टाकीवर चढण्याचा हट्ट मात्र धरू नका. गंजलेल्या शिडीवर जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही, आणि खालूनही पुष्कळ दिसतं: खांब आणि आडव्या तुळया जिथे जुळतात तिथल्या भेगा, सळईच्या रेषेत उतरलेले तांबूस डाग, टाकीच्या तळाला झिरपून आलेले पांढरे थर, भेगेत रुजलेलं पिंपळाचं रोप. नमुना हवा असेल तर निखळून पडलेल्या काँक्रीटचा मागा. भार पेलणाऱ्या खांबाला भोक पाडून कोअर (आतल्या काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा) काढायचा की नाही, हे अभियंत्यालाच ठरवू द्या.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जीविताचा प्रश्न असेल तर मुदत ४८ तासांची, पण ती मागताना धोका नेमका काय ते लिहा आणि पडलेल्या तुकड्यांचे फोटो जोडा. तुकडे खरोखर पडत असतील तर माहितीची वाट न पाहता त्याच दिवशी आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार करून खालचा रस्ता बंद करून घ्यावा.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांच्या आत 'जोडपत्र ब' भरून, २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचं. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण उशीर केल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदतीनंतर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, तेव्हा उशिरा आलेल्या पत्रात प्रतींचे पैसे मागितले असतील तर ते भरू नका.