यकृतातल्या गाठींना आतून रेडिएशन: यिट्रियम-९० ची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला की बहुतेकदा आधी यकृत गाठतो, कारण आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट तिथे येतं. मग यकृतालाच शेक, म्हणजे बाहेरून रेडिएशन, का देत नाहीत, असं सोलापुरात नातेवाईक हमखास विचारतात. अडचण निरोगी यकृताची आहे. अख्ख्या यकृताला साधारण ३० ग्रेपेक्षा (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) जास्त डोस गेला तर काही आठवड्यांत पोटात पाणी साठून ते निकामी होऊ शकतं, आणि तेवढ्या डोसात गाठ काही मरत नाही.

वाट रक्तवाहिन्यांनी दाखवली. निरोगी यकृताचं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, गाठी मात्र मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसतात, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झालं. पुढच्याच दशकात यिट्रियम-९० या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे सूक्ष्म मणी त्या धमनीत सोडून पाहिले गेले. जुन्या मण्यांतून यिट्रियम सुटून अस्थिमज्जेत जाई आणि रक्तपेशी घटत. मूलद्रव्य घट्ट धरणारे मणी आल्यावरच उपचाराला स्थैर्य आलं. अमेरिकेत काचेच्या मण्यांना १९९९ मध्ये, रेझिनच्या मण्यांना २००२ मध्ये परवानगी मिळाली. रेझिनचे मणी २० ते ६० मायक्रॉनचे. त्यांचे बीटा किरण सरासरी अडीच मिलिमीटरच आत जातात.

खरी मेहनत आधीच्या अँजिओग्राफीत असते. जठर-आतड्याकडे जाणारी फांदी नजरेतून सुटली तर मणी तिकडे जाऊन व्रण होतात, आणि ते लवकर भरत नाहीत. म्हणून गरजेप्रमाणे ती फांदी कॉइलने, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीने, बंद करतात. मग चाचणीपुरते टेक्नेशियम या सौम्य किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे कण सोडून फुप्फुसात किती जातात ते स्कॅनवर मोजतात. रेझिनच्या मण्यांसाठी हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं तर उपचार करत नाहीत.

यिट्रियमचं अर्धायुष्य ६४ तासांचं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याची किरणशक्ती निम्मी होते, त्यामुळे डोस ठरलेल्या दिवसाच्या हिशेबानेच मागवतात. या उपचारासाठी मुंबईला जायला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडण्याआधी रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं द्रव्य) सोलापुरातच तपासून घ्यावं. ते २ च्या वर असेल तर बहुधा परत फिरावं लागतं.

२०१७ मध्ये तीन चाचण्यांतल्या ११०० हून अधिक रुग्णांचा एकत्रित निष्कर्ष आला: पहिल्याच केमोला हे मणी जोडून आयुष्य वाढलं नाही. आमच्या मते त्यांची जागा केमो निष्प्रभ झाल्यावर, आजार मुख्यतः यकृतातच असताना आहे. मोजक्या, लहान गाठींना बाहेरून नेमकं रेडिएशन, म्हणजे एसबीआरटी, देता येतं; तिची सुरुवात १९९० च्या दशकात स्टॉकहोमला झाली.

मणी सोडल्यानंतर पहिले काही दिवस थकवा, मळमळ, बारीक ताप चालतो. महिना-दोन महिन्यांनी डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगलं, तर नुसती कावीळ समजून घरगुती औषध देऊ नये. त्याच दिवशी यकृताच्या तपासण्या करून उपचार केलेल्या डॉक्टरांना कळवावं.