प्रौढांच्या श्रवणसेवेतील प्रतीक्षायादी आणि बाहेरचे मनुष्यबळ : इंग्लंड

सरकारी रुग्णालयाच्या श्रवण विभागात साचलेली रुग्णांची यादी उपसण्यासाठी खासगी कंपन्यांचे किंवा हंगामी नेमणुकीचे श्रवणतज्ज्ञ कामाला लावण्याची पद्धत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, ती २००० नंतर रुजली.

एनएचएस १९४८ साली सुरू झाली आणि तेव्हापासूनच श्रवणयंत्र मोफत मिळू लागले. पहिले ‘मेड्रेस्को’ यंत्र अंगावर अडकवून वागवावे लागे. कानामागे बसणारे यंत्र १९७४ पासून आले. यंत्र रुग्णाच्या मालकीचे होत नाही, ते वापरायला दिलेले असते. दुरुस्ती आणि बॅटऱ्याही फुकट. त्यामुळे एकदा आलेला रुग्ण विभागाचा जन्माचा गिऱ्हाईक होतो आणि हिशेबात नेमकी हीच गोष्ट निसटते.

डिजिटल यंत्रे आली तेव्हा खासगी दुकानांत त्यांची किंमत हजार पौंडांच्या वर होती. कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या आरएनआयडी या संस्थेने सरकारच्या साथीने २००० मध्ये २० ठिकाणी ती एनएचएसमधून देण्याची योजना सुरू केली. घाऊक खरेदीमुळे एका यंत्राचा दर शंभर पौंडांच्या आत आला आणि २००५ पर्यंत योजना इंग्लंडभर पोहोचली. यंत्र स्वस्त झाले, पण ते बसवणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत.

डिजिटल यंत्र बसवायला जुन्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ध्वनिरोधक खोलीत रुग्ण हेडफोन लावून बसतो आणि बारीकसा ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबतो. त्यावरून श्रवणालेख निघतो. मग कानात सिलिकॉनची लगदी भरून साचा घ्यायचा. पुढच्या भेटीत यंत्र संगणकाला जोडायचे, कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी सरकवायची आणि कानात आवाज प्रत्यक्ष किती पोहोचतो हे मोजत यंत्र जुळवायचे. घाई केली तर आजी यंत्र घरी नेतात आणि कपाटात ठेवून देतात. मागणी मात्र वाढतच गेली. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रे वापरणारेही डिजिटल मागू लागले आणि अशा फेरतपासणीवाल्यांची रांग बऱ्याच ठिकाणी नव्या रुग्णांच्या रांगेपेक्षा लांब झाली. काही भागांत दोन-दोन वर्षे थांबावे लागे.

यावर २००३ मध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीचा राष्ट्रीय करार झाला. डेव्हिड ऑर्मरोड आणि अल्ट्रावॉक्स या दोन कंपन्यांचे नोंदणीकृत श्रवणयंत्र विक्रेते एनएचएसच्या रुग्णांना तपासू लागले, यंत्रे बसवू लागले. यंत्र एनएचएसचेच, हात तेवढे बाहेरचे. जुलै २००६ मध्ये खासगी क्षेत्राकडून तीन लाख जादा रुग्णांची सोय विकत घेण्याची घोषणा झाली. २००७ साली संसदेच्या आरोग्य समितीने श्रवणसेवेवर स्वतंत्र अहवालच काढला.

रुग्ण पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे, त्या काळी गाजलेले उद्दिष्ट कान-नाक-घसा तज्ज्ञामार्फत आलेल्यांना लागू होते. कुटुंबाच्या डॉक्टरने थेट श्रवण विभागात धाडलेल्यांना ते लागू नव्हते. म्हणजे मधला तज्ज्ञ गाळून शहाणपणाची, स्वस्त वाट धरणाराच मागे पडायचा! निदानाच्या चाचण्यांसाठी ठरलेल्या सहा आठवड्यांच्या मर्यादेत श्रवणतपासणी धरली गेली, पण तपासणी झाली म्हणजे यंत्र कानावर चढले असे नव्हे.

२०१२ पासून निकष पूर्ण करणाऱ्या कोणत्याही सेवादात्याला दर ठरवून काम देण्याची पद्धत अनेक भागांत आली. वयोमानाने ऐकू कमी येणारी, ५५ वर्षांवरील माणसे बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानातही एनएचएसचे यंत्र घेऊ लागली. स्पेकसेव्हर्स हे त्यातले ठळक नाव. दुसरा प्रकार याच्या उलट : कंपनीची माणसे संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी रुग्णालयात येतात आणि एरवी बंद राहणाऱ्या खोल्या चालवतात. खोल्या मोजक्याच असल्याने हा मार्ग सोयीचा आहे. मात्र आठवडाभर राबलेलेच कर्मचारी सुटीच्या दिवशी कंपनीच्या नावाने परत आले, तर मनुष्यबळ वाढले असे म्हणता येत नाही.

तुंबलेली यादी एकदाची निकाली काढायला हा उपाय चालतो. दरवर्षी नव्याने साचणारी यादी त्याने आटत नाही. सेवादात्याच्या दरात साधारणपणे तपासणी, यंत्र बसवणे, फेरभेट आणि तीन वर्षांची देखभाल धरलेली असते. पण हंगामी तज्ज्ञ पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि त्याने जुळवलेले यंत्र शिट्टी मारू लागले की रुग्ण मूळ विभागाचेच दार ठोठावतो. कानातल्या साच्याची प्लास्टिक नळी काही महिन्यांत कडक होते, ती बदलावी लागते. काम पाच-दहा मिनिटांचे. पण निदानचाचण्यांच्या मासिक राष्ट्रीय आकडेवारीत मोजली जाते ती श्रवणतपासणीची प्रतीक्षा, नळीसाठी ताटकळणाऱ्याची नव्हे.